प्रवाळाची चाकरी आणि घाटावरचा उमेदवार

दहावी-बारावीचे निकाल लागले, की नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव अशा ठिकाणी मंगल कार्यालयांतून आणि शाळांच्या सभागृहांतून व्यवसाय-मार्गदर्शनाचे जे मेळावे भरतात, त्यांत अलीकडे एक नवे विधान कानी येऊ लागले आहे, आणि त्या विधानाच्या पाठोपाठ त्याला मिळणारे एक ठरावीक उत्तरही. विधान असे, की सागरी विज्ञानात, त्यातही प्रवाळभित्तींच्या अभ्यासात आणि रक्षणात, येत्या काळी नोकऱ्यांना वाव आहे. उत्तर असे, की असेल वाव; पण सह्याद्रीच्या अलीकडे जन्मलेल्या, कांदा, ऊस आणि टोमॅटो यांत वाढलेल्या, समुद्र फार तर अलिबागच्या सहलीत पाहिलेल्या मुलाने त्या वाटेला जाऊ नये; ती कोकणातल्यांची, नाही तर मुंबईतल्या पैसेवाल्यांची हौस आहे; आपण आपली पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा, नाही तर कृषी पदविका पाहावी. हे उत्तर इतक्या सहजपणे दिले जाते आणि इतक्या मुकाट्याने ऐकून घेतले जाते, की त्याला कोणी हरकत घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. ती हरकत येथे घ्यावयाची आहे.

उत्तर देणाऱ्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ज्या बापाने कांद्याचा भाव पाहता पाहता निम्म्यावर आलेला पाहिला आहे, ज्या शिक्षकाने आपल्या हुशार विद्यार्थ्याला पदवीनंतरची उमेदीची वर्षे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत घालवताना पाहिले आहे, त्याने अनोळखी पेशाकडे संशयाने पाहावे यात गैर काहीच नाही. परंतु त्या संशयाच्या पुष्ट्यर्थ जी कारणे पुढे केली जातात ती तपासून घेतली पाहिजेत, कारण चुकीच्या कारणावर उभा केलेला सल्ला एखादे वेळी बरोबर ठरला, तरी त्याचे श्रेय सल्लागाराला जात नाही. प्रतिपक्षाची कैफियत थोडक्यात अशी आहे: समुद्र दूर आहे; नोकऱ्या नाहीत; आणि ज्या थोड्या आहेत त्यांवर किनाऱ्यावरच्या लोकांचा हक्क आहे. यांपैकी पहिले कलम साफ खोटे आहे, दुसरे बरेचसे खरे असून भलत्याच माणसाच्या माथी मारलेले आहे, आणि तिसरे अर्धे न्याय्य आहे.

समुद्र दूर असल्याची भावना जुन्नरच्या इतिहासाला नवखी आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले म्हणजे घाटाखालचा कोकणपट्टा पायाशी पसरलेला दिसतो, आणि या नगराचे प्राचीन वैभव त्याच वाटेने वर चढून आले याविषयी शंका उरत नाही. कल्याण आणि सोपारे या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी याच घाटाने देशावर येत होता. नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर आजही आहेत, आणि जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत प्रवाळ आहे. त्याच शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी नमूद करतो, की रोमन लोक मोत्याला जितके मोल देतात तितके हिंदुस्थानातील लोक पोवळ्याला देतात. ते भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे होते, भित्ती रचणारे प्रवाळ नव्हे, हे मला ठाऊक आहे, आणि अंगठीतल्या पोवळ्यावरून नोकरीचा हक्क सिद्ध होत नाही हेही ठाऊक आहे. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाने मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग बांधला आणि आज त्याच किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, असे सांगून सभेत टाळ्या मिळवणे तर त्याहून सोपे आहे; तो युक्तिवाद मी वापरणार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की घाटावरच्या माणसाला समुद्राशी कर्तव्य नाही ही समजूत पूर्वजांकडून वारशाने आलेली नसून बरीच अलीकडची आहे.

मुख्य मुद्दा मात्र शास्त्राचा आहे. प्रवाळभित्ती कशा बनतात याविषयीचा जो सिद्धान्त आजही ग्राह्य मानला जातो तो चार्ल्स डार्विनचा, आणि त्याचा ग्रंथ १८४२ साली प्रसिद्ध झाला. या डार्विनने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे, की तो सिद्धान्त त्याने दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असतानाच रचला होता, आणि त्या वेळी त्याने खरी प्रवाळभित्ती डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. अँडीज पर्वताच्या उंचीवर सापडणारे शिंपले, १८३५ च्या भूकंपात वर उचलली गेलेली किनाऱ्याची जमीन, नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचे थर, यांवरून जमीन चढते तशी ती खचतही असली पाहिजे, आणि समुद्रतळ हळूहळू खचत असता प्रवाळ मात्र वर वर वाढत राहत असले पाहिजे, असे त्याने ताडले. कीलिंग बेटांवर तो पोचला तो पुढे १८३६ साली, आणि तेथे त्याला आपला तर्क पडताळून पाहता आला. प्रवाळशास्त्राचा पाया असा डोंगर निरखणाऱ्या माणसाने घातला असता, डोंगरात वाढल्यामुळे त्या शास्त्राला आपण अपात्र ठरतो असे डोंगरातल्या मुलाला सांगणे ही मौज आहे.

बरे, डार्विनची गोष्ट जुनी झाली. आजचा कारभार पाहावा. समुद्राचे पाणी किती तापले आहे आणि कोणत्या भागातील प्रवाळ पांढरे पडण्याच्या बेतात आहे, याचा इशारा आपल्या देशात जी संस्था देते ती भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही हैदराबादेत आहे, आणि हैदराबादेहून समुद्र गाठण्यास जुन्नरहून लागतो त्यापेक्षा अधिक वेळ लागतो. हिंदी महासागर, विशेषतः अरबी समुद्र, कोणत्या गतीने तापतो आहे याचा हिशेब पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत बसून मांडला जातो. उपग्रहाच्या चित्रांवरून देशातील प्रवाळक्षेत्रांचे नकाशे अहमदाबादेत तयार झाले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र आकुर्डीला आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावाहून पुण्याला जाणाऱ्या एस.टी.च्या टप्प्यात. आणि दूरत्वाचीच गोष्ट काढावयाची, तर खोडदच्या रानात ४५ मीटर व्यासाच्या ज्या तबकड्या उभ्या आहेत, ३० तबकड्यांच्या ज्या प्रचंड दुर्बिणीसाठी गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रदेश निवडला, ती दुर्बीण ज्या आकाशगंगांचे संदेश टिपते त्या नारायणगावाहून किती कोसांवर आहेत, असा प्रश्न या तालुक्यात कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. खोडदच्या शेजारच्या गावातील मुलगा तेथे तंत्रज्ञ म्हणून लागला तर त्याची जागा सोयीची समजली जाते. तोच मुलगा मालवणच्या खडकावरील सजीवांची मोजदाद करावयास निघाला तर त्याला वेडा ठरवतात.

पण हे संस्थांचे पत्ते झाले. प्रतिपक्षाच्या गैरसमजाचे मूळ याहून खोल आहे, आणि ते असे, की प्रवाळाचे काम म्हणजे पाण्याखाली बुडी मारण्याचे काम अशी त्याची कल्पना आहे. जाहिरातींतून, चित्रपटांतून आणि सहलीच्या छायाचित्रांतून हीच कल्पना ठसवली गेल्यामुळे त्याला दोष देता येत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रवाळ हा सूक्ष्म, मऊ अंगाच्या प्राण्यांचा समूह. त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर अन्न बनवून आपल्या यजमानाला पोसते. यजमान त्या बळावर चुन्याचा सांगाडा रचतो आणि शतकानुशतके अशा सांगाड्यांच्या राशीतून भित्ती उभी राहते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तपमानाहून पाणी एखादा अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. त्यालाच विरंजन म्हणतात, आणि ते लांबले तर प्रवाळ मरते. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी हा आघात सोसला. एप्रिल २०२४ मध्ये जगातील चौथे सार्वत्रिक विरंजन चालू असल्याचे जाहीर करण्यात आले. उष्णता हा एक शत्रू झाला. दुसरा गाळ, कारण गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही आणि बसलेला गाळ प्रवाळाचे तोंड बंद करतो. तिसरा सांडपाणी, चौथा नांगर आणि जाळी, पाचवा चुन्यासाठी होणारे उत्खनन. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात हे उत्खनन इतके चालले, की तेथील २१ बेटांपैकी २ पाण्याखाली गेली. आता या शत्रूंची यादी पुन्हा वाचून पाहावी. यांपैकी पाण्याखाली जाऊन ज्याला आवर घालता येईल असा एकही नाही. सर्वांचा उगम जमिनीवर आहे. शेताच्या उतारावर, कारखान्याच्या नळाशी, नगरपालिकेच्या दप्तरात, बंदर खात्याच्या तजविजीत, मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत. बुडी मारणारा फक्त रोग्याची नाडी पाहून येतो.

येथे एक खोटा युक्तिवाद सुचण्याजोगा आहे आणि तो मी आधीच बाजूला ठेवतो. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या आपल्या नद्या पूर्वेकडे वाहतात, भीमेला मिळतात आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला जातात. तेव्हा जुन्नरची माती मालवणच्या प्रवाळावर बसते असे म्हणणे भूगोलाशी बेइमानी होईल. पण माती उतारावर कशी धरून ठेवावी ही विद्या मात्र नदीच्या दिशेवर अवलंबून नसते. भीमाशंकरच्या परिसरातील महादेव कोळी शेतकरी डोंगरउतारावर दगडमातीचे बांध घालून पडकई करतात, आणि त्या पडकईमुळे धो धो पावसातही भातखाचरातली माती खाचरात राहते. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील या जुन्या रीतीची दखल पुढे शासनालाही रोजगार हमीच्या कामांत घ्यावी लागली. कोकणातल्या ज्या खाड्यांत रस्त्याची, खाणीची आणि प्लॉट पाडलेल्या डोंगरांची लाल माती दर पावसाळ्यात उतरते, त्यांच्या मुखाशी असलेले प्रवाळ वाचवावयाचे तर हवेची टाकी पाठीला बांधणारा मनुष्य उपयोगी पडेल, की पडकईचा बांध कोठे घालावा हे जाणणारा?

यापुढचा मुद्दा जुन्नर वनविभागातल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज पडू नये, आणि तरीही तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या अधिनियमातील ज्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे, त्याच अनुसूचीत २००१ साली भित्ती रचणारी सर्व प्रवाळे घालण्यात आली. म्हणजे पिंपळवंडीच्या उसात बसलेला बिबट्या आणि सिंधुदुर्गाच्या तटाखालचा प्रवाळ यांना कायद्याने एकच दर्जा आहे, एकच खाते त्यांचे रक्षक आहे, आणि त्या दोघांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचे गाऱ्हाणेही एकच आहे: जनावराला कायदा आहे, आम्हाला कोण? २००१ च्या सुमारास जुन्नर भागात बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात नेऊन सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. लोकांची मागणी होती, अंमलदारांवर दडपण होते, आणि उपाय डोळ्यांना दिसणारा होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा पुढे जो अभ्यास केला व २०११ साली प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले, की मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाकाठी सरासरी ४ हल्ले होत होते ते मोहिमेनंतर १७ वर गेले. उचलून दुसरीकडे नेणे हा इलाज नव्हे, हा धडा जुन्नरने स्वतःच्या अंगावर घेऊन साऱ्या देशाला शिकवला आहे.

आता मुंबईकडे पाहू. सागरी किनारा मार्गाच्या भरावाखाली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरील प्रवाळ येत होते. तेव्हा २०२० साली वनखात्याच्या परवानगीने आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने प्रवाळांच्या १८ वसाहती तेथून काढून त्याच शहराच्या किनाऱ्यावर अन्यत्र नेऊन बसवण्यात आल्या. ज्यांनी हे काम केले त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. पण अशा वेळी विचारावयाचे प्रश्न कोणते? नव्या जागी पाणी कसे आहे, तेथे पूर्वी काय होते, पहिल्या वर्षी जगलेले दहाव्या वर्षी किती उरले, आणि स्थलांतराची सोय आहे म्हणून भरावाला परवानगी देणे सोपे तर झाले नाही ना? हे प्रश्न ज्याला विद्यापीठात शिकून सुचतात त्याच्याहून, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात बंद झालेले जनावर ज्याने लहानपणी पाहिले आहे आणि घरच्या शेळीचा पंचनामा होताना वनरक्षकाच्या शेजारी जो उभा राहिला आहे, त्याला ते लवकर सुचतील. याला मी पात्रता म्हणतो, आणि ती कोणत्याही पदविकेत मिळत नाही.

मालवणचेच उदाहरण घ्या. तेथील सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले, क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला पद्मगडासह गाभ्याचा भाग ३.१८२. कागद निर्दोष होता, पण ज्यांच्या होड्या त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत होत्या त्यांचा विरोध आरंभापासून राहिला, आणि तो विरोध अज्ञानाचा नसून उपजीविकेचा होता. तेथे प्रवाळांच्या जाती ओळखणाऱ्यापेक्षा लोकांच्या अंगणात बसून, नांगर कोठे टाकू नये आणि त्याच्या बदल्यात काय मिळेल, हे दोन्ही पक्षांना पटेल असे मांडणारा मनुष्य हवा होता. असा मनुष्य कोठे घडतो? डिंभे धरणाच्या काठी घडतो. आंबेगाव हे मूळ गाव त्या धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याला नाव तेवढे उरले. ज्या महादेव कोळी कुटुंबांची भातशेती बुडाली, त्यांना पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्यासाठी आणि त्या जलाशयात मासे धरण्याच्या हक्कासाठी झगडावे लागले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने त्यांनी आपली मच्छीमार सहकारी सोसायटी उभी केली, आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे पिंजऱ्यात बीज वाढवण्याचे प्रयोग केले. डोंगरात भात लावणारे लोक जाळे विणावयास आणि ठेक्याच्या अटी वाचावयास शिकले. पाणी कोणाचे, मासा कोणाचा, राखीव भाग कोणता आणि तो राखणार कोण, हेच मालवणचे चार प्रश्न आहेत, आणि आंबेगाव तालुक्यातील एका अख्ख्या पिढीने ते आपल्या घरात सोडवलेले आहेत. या पिढीच्या मुलाला समुद्राची ओळख नाही असे म्हणणे म्हणजे खारे आणि गोडे एवढाच पाण्यात भेद पाहणे होय.

राहिले दुसरे कलम, नोकऱ्या नाहीत हे. ते मला बरेचसे मान्य आहे, आणि येथे माझा रोख प्रतिपक्षाकडून वळून त्या नव्या विधानाच्या प्रवर्तकांकडे जातो. प्रवाळक्षेत्रात अमाप संधी आहेत असे जे मेळाव्यात सांगतात ते संधीची मोजदाद सांगत नाहीत. खरी स्थिती अशी, की आपल्या देशात मोठी प्रवाळक्षेत्रे चारच, कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. मालवणची प्रवाळे त्या मानाने लहान पट्ट्यांत आहेत. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही नसलेल्या भित्तींच्या आश्रयाने समुद्रातील सुमारे चतुर्थांश जाती राहतात ही गोष्ट खरी, पण त्या जाती पगार देत नाहीत. या कामावर आज येणारा तरुण बहुधा एखाद्या प्रकल्पाचा सहायक म्हणून येतो. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, नाही तर त्याहून कमी. आणि प्रकल्पाची मुदत संपली की हाती दाखला घेऊन पुढचा प्रकल्प शोधणे. निवृत्तिवेतन नाही, बढती नाही, आणि घरी विचारले तर ‘तू नक्की कोणत्या खात्यात आहेस’ या प्रश्नाला उत्तर नाही. ही अवस्था लपवून जो कोणी पोहण्याच्या आणि बुडीच्या प्रमाणपत्राचे महागडे वर्ग विकतो, त्याच्याविषयी मला काडीचीही सहानुभूती नाही. बुडीचे प्रमाणपत्र ही या पेशातील सायकल आहे. ती येणे जरूर, पण ती येते म्हणून कोणी पोस्टमन होत नाही.

तथापि नोकऱ्या नाहीत याचा अर्थ काम नाही असा होत नाही, आणि प्रतिपक्षाची चूक नेमकी येथे आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया हे बुडालेले पठार आहे. त्याचा उथळ माथा वीसएक मीटर खोलीवर असून त्यावर समृद्ध प्रवाळ आहे. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांची. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्राचा कारभार केंद्राचा. आणि वन्यजीव अधिनियमान्वये अभयारण्य करावयाचे तर ते प्रादेशिक सागराच्या आतच करता येते. सबब आंग्रियाचे रक्षण करावयाचे कोणत्या कायद्याने, कोणत्या खात्याने आणि कोणत्या गस्तीनौकेने, हा एक सबंध कज्जा आहे. त्यात कायदेपंडित लागेल, नकाशे करणारा लागेल, मासेमारीच्या नोंदी वाचणारा लागेल, दिल्लीच्या मंत्रालयांतून दप्तर हलवणारा लागेल. काम असे डोळ्यांसमोर आहे. त्याला पद नाही. महाराष्ट्रात कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला, कांदळवन प्रतिष्ठान निघाले, सागरी विज्ञानाच्या परदेशातील उच्च शिक्षणासाठी त्याच्यामार्फत शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. हे सर्व स्तुत्य आहे. पण शिष्यवृत्ती घेऊन शिकून आलेल्या तरुणाने परत येऊन कोणत्या खुर्चीत बसावयाचे, हे ठरल्याशिवाय दिलेली शिष्यवृत्ती ही त्याला परदेशातच ठेवून घेण्याची तरतूद ठरण्याचा संभव आहे. किनाऱ्याच्या प्रत्येक जिल्ह्यास कायम नेमणुकीचा एक सागरी जीवशास्त्रज्ञ असावा, पाणलोटाच्या कामावर खाडीच्या गाळाची नोंद ठेवणारा एक तंत्रज्ञ असावा, आणि भराव अगर बंदर यांना परवानगी देताना प्रवाळाची तपासणी ठेकेदाराच्या खर्चाने पण ठेकेदाराच्या नोकराकडून नव्हे अशी व्हावी, एवढ्या तीन गोष्टी केल्या तरी आज जेथे प्रकल्प-सहायक भटकतो आहे तेथे पदे उभी राहतील. ही मागणी शासनाकडे करावयाची आहे. ती न करता, पद नाही म्हणून मुलाला त्या विद्येपासूनच परावृत्त करणे म्हणजे खात्याची कुचराई उमेदवाराच्या नावे लिहिणे होय.

तिसऱ्या कलमाविषयी मी आदराने बोलतो, कारण त्याच्या मुळाशी न्यायबुद्धी आहे. मालवण, देवबाग, तारकर्ली येथील बुडीचे मार्गदर्शक, होडीवाले, अभयारण्याचे राखणदार या जागा तेथल्याच मच्छीमार कुटुंबांतून भरल्या गेल्या पाहिजेत. त्यावर जुन्नरच्या, पुण्याच्या किंवा मुंबईच्या कोणीही हक्क सांगू नये. डिंभ्याच्या माशावर पहिला हक्क बुडालेल्या गावांचा, हे आपण ज्या न्यायाने म्हणतो, त्याच न्यायाने ज्यांच्या जाळ्यावर मर्यादा आली त्यांचा त्या पाण्याच्या रोजगारावर पहिला हक्क आहे. परंतु हा न्याय प्रयोगशाळेला, उपग्रहचित्राला, न्यायालयाला आणि वनसेवेच्या परीक्षेला लागू पडत नाही. सहायक वनसंरक्षक आज जुन्नरला बिबट्याच्या मागे असतो आणि बदली झाली की सिंधुदुर्गात समुद्राच्या कारभाराला जाऊन बसतो; त्याला कोणी गाव विचारत नाही. बिबट्याचा अभ्यास करावयास या तालुक्यात बाहेरून माणसे आली, आणि ती जुन्नरची नाहीत म्हणून आपण त्यांना परत धाडले नाही. उलट त्यांनी मांडलेले आकडे आपल्या उपयोगी पडले.

तेव्हा ओतूर, जुन्नर, मंचर किंवा घोडेगाव येथील महाविद्यालयात प्राणिशास्त्र, भूगोल अगर संख्याशास्त्र घेऊन बसलेल्या मुलीला वा मुलाला मी जो सल्ला देईन तो मेळाव्यातल्या दोन्ही पक्षांहून निराळा आहे. विहिरीत पोहता येत असेल तर उत्तम. ते विसरू नये. बुडीच्या वर्गाला लागणारे पैसे तूर्त बापाकडे मागू नयेत. संशोधनाच्या कामावर रुजू झाल्यावर त्या शिक्षणाचा खर्च पुष्कळदा प्रकल्पातूनच होतो. त्याऐवजी डिंभ्याच्या, वडजच्या किंवा येडगावच्या जलाशयात कोणत्या महिन्यात कोणता मासा किती मिळतो याची एक वर्षभर, दर आठवड्याला, न चुकता नोंद ठेवावी. सोसायटीच्या चेअरमनशी आणि ठेकेदाराशी, दोघांशीही, बोलून ती पडताळावी. नकाशे करण्याची संगणकप्रणाली शिकावी, कारण तिला पैसे पडत नाहीत. आणि ती वही घेऊन आकुर्डीला, पाषाणला, रत्नागिरीच्या शिरगावातील मत्स्य महाविद्यालयात किंवा गोव्याला दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जाऊन भेटावे. गोड्या पाण्यातल्या एका वर्षाच्या प्रामाणिक नोंदीला कोणताही जाणता शास्त्रज्ञ पदवीच्या गुणांपेक्षा अधिक वजन देईल. आणि एवढे करूनही प्रवाळाच्या कामावर पद निघाले नाही, तर तोच अभ्यास वनसेवेच्या परीक्षेला लागतो, मत्स्यव्यवसाय खात्याला लागतो, पाणलोटाच्या आणि धरणाच्या कामाला लागतो. पोलीस भरतीच्या मैदानावर चार वर्षे धावून यादीत नाव न लागलेल्या मुलाच्या हाती काय उरते, हे मेळाव्यातील मार्गदर्शकांनी एकदा सांगावे.